आप्पांच्या डिस्कची यादी : फोल्डरातल्या फोल्डरांचे एक प्रकरण

हे प्रकरण शहादे तालुक्यातील एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांच्या संग्रहाचे आहे. गावात त्यांना सगळे आप्पा म्हणतात, म्हणून येथेही तेच संबोधन ठेवतो. नोकरीच्या काळात जेथे बदली होईल तेथे आप्पा टेपरेकॉर्डर घेऊन गेले आणि खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी, जात्यावरच्या ओव्या, सारंगखेड्याच्या यात्रेतले आवाज, काठीच्या होळीतले ढोल, धडगावकडच्या पाड्यांवरची पावरी आणि भिली गीते असे जे जे कानावर पडले ते कॅसेटवर उतरवत गेले. पुढे कॅसेटींचे डिजिटल रूपांतर झाले, नंतरची काही ध्वनिमुद्रणे थेट डिजिटल रेकॉर्डरवर झाली आणि हे सारे एका हार्ड डिस्कवर येऊन साठले. संग्रहाची एक प्रत एका ग्रंथालयाला द्यायचे ठरले, तेव्हा ग्रंथालयाने साहजिकच यादी मागितली. प्रत्येक फाइलीची एक ओळ हवी होती आणि तीत पूर्ण पत्ता, नाव, प्रकार, आकार व तारीख असावी असे त्यांचे म्हणणे होते. ही यादी करून देण्याचे काम माझ्याकडे आले. मी संगणक शिकवतो आणि असले काम एका संध्याकाळचे आहे, असे मी आप्पांना सांगून बसलो होतो. प्रत्यक्षात तीन आठवडे गेले.

डिस्कची रचना आप्पांच्या मनातल्या नकाशाप्रमाणे होती. सर्वांत वर जिल्हा, त्याखाली तालुका, मग गाव किंवा पाडा, मग गाणाऱ्या व्यक्तीचे नाव, मग प्रसंग. रचना म्हणून ती चांगलीच होती. अडचण एवढीच की ती पंचवीस-तीस वर्षांत हळूहळू वाढली होती आणि दरम्यान नकाशाच बदलला होता. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे त्याआधीच्या कॅसेटी ‘धुळे जिल्हा’ या फोल्डरात ‘शहादे’ या नावाखाली होत्या आणि नंतरच्या ‘नंदुरबार जिल्हा’ या फोल्डरात पुन्हा ‘शहादे’ या नावाखाली. धडगाव आणि अक्राणी हा एकच तालुका, पण त्याचीही दोन नावांनी दोन घरे झाली होती. हा घोळ संगणकाचा नव्हे. तो मांडणाऱ्यानेच सोडवायचा असतो, आणि यादीत ‘आजचा तालुका’ असा एक वेगळा रकाना घालून आम्ही तो सोडवला. फायली मात्र जागच्या हलवल्या नाहीत, कारण कोणते ध्वनिमुद्रण कोणत्या काळातले आहे याचा तो फोल्डर हाच कित्येकदा एकमेव पुरावा होता.

आधी सोपा मार्ग पाहिला. विंडोजच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) डीआयआर ही आज्ञा द्यावी, तिच्यापुढे तिरकी रेघ आणि एस लिहावे, म्हणजे ती आतल्या फोल्डरांतही शिरते. तिरकी रेघ आणि बी लिहिले की फक्त पूर्ण पत्ते छापते, आणि ते पडद्याऐवजी एखाद्या फाइलीत उतरवून घेता येतात. उतरवून घेतले, तर सगळीकडे प्रश्नचिन्हे. ती खिडकी अजूनही जुन्या संकेतसारणीत लिहिते आणि त्या सारणीत देवनागरीला जागा नाही. ती खिडकी युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या सामायिक संकेतात, लिहू लागेल असा पर्यायही आहे, पण या संक्षिप्त रूपात आकार आणि तारीख येत नाहीत. ग्रंथालयाला ती हवी होती, म्हणून पायथन या प्रोग्रामिंग भाषेकडे वळलो.

फोल्डरात फोल्डर अशी रचना पालथी घालण्याची युक्ती जुन्या दफ्तरखान्यात काम केलेल्या माणसाला नव्याने सांगावी लागत नाही. रुमाल सोडायचा, वर दिसतील ते सुटे कागद नोंदवायचे, आत आणखी बांधलेले पुडके निघाले तर तेही त्याच रीतीने सोडायचे, आणि पुडके संपेपर्यंत हाच क्रम चालू ठेवायचा. प्रोग्रामिंगमध्ये याला पुनरावर्तन म्हणतात; एखादे फंक्शन, म्हणजे नाव दिलेला आज्ञांचा गट, स्वतःलाच पुन्हा बोलावते. पायथनमध्ये हे हाताने लिहावे लागत नाही. ओएस नावाच्या मॉड्यूलमध्ये (तयार फंक्शनांच्या संचात) वॉक हे फंक्शन तयार आहे आणि ते प्रत्येक फोल्डरासाठी तीन गोष्टी हाती देते: त्या फोल्डराचा पत्ता, त्यातील उपफोल्डरांची नावे आणि त्यातील फायलींची नावे. उपफोल्डरांच्या यादीतून एखादे नाव आपण तिथल्या तिथे काढून टाकले, तर वॉक त्यात शिरत नाही. रिसायकल बिनचे फोल्डर वगळायला ही सोय उपयोगी पडली. एवढ्यावर सात-आठ ओळींची स्क्रिप्ट उभी राहिली. पत्ता आणि नाव जोडायचे, गेटसाइझ या फंक्शनला आकार विचारायचा, ओळ लिहायची.

ही स्क्रिप्ट चालवली आणि ती मध्येच थांबली. संदेश होता : फाइल सापडत नाही. मला हसू आले, कारण जी फाइल सापडत नाही असे ती म्हणत होती तिचे नाव तिनेच क्षणभरापूर्वी मला सांगितले होते. येथे थांबून विचार करायला हवा होता. तो न करता मी तेच केले जे घाईत असलेला प्रत्येक जण करतो : चूक आली तर ती फाइल सोडून पुढे जा, अशी दोन ओळींची पट्टी बांधली. स्क्रिप्ट शेवटपर्यंत धावली, ९,२१४ ओळींची सुबक यादी तयार झाली आणि मी ती लॅपटॉपवर आप्पांना दाखवायला घेऊन गेलो.

आप्पांनी यादी वरून खाली सरकवत पाहिली आणि विचारले, “भाऊ, बठ्ठं शे ना त्यामा?” म्हणजे, सगळे आहे ना त्यात? मी हो म्हणालो. मग त्यांनी तोरणमाळच्या वाटेवरच्या एका पाड्याचे नाव शोधायला सांगितले. सापडले नाही. त्यांनी कपाटातून कॅसेटींची वही काढली. प्रत्येक कॅसेटीचा क्रमांक, बाजू, गाव आणि गाणाऱ्याचे नाव शाईने लिहिलेली, कडांना पिवळी पडलेली. त्या पाड्याच्या पाच कॅसेटी वहीत होत्या. यादीत एकही नव्हती.

घरी आल्यावर पहिल्यांदा बेरीज केली. यादीतील सर्व आकारांची बेरीज ३८५ जीबी भरली. डिस्कच्या माहितीच्या खिडकीत मात्र वापरलेली जागा ४१२ जीबी दिसत होती. दोन्हींत थोडा फरक असणे स्वाभाविक आहे, कारण एनटीएफएस या फाइलप्रणालीत साधारणपणे ४ केबीच्या ठोकळ्यांत जागा दिली जाते आणि प्रत्येक फाइलीचा शेवटचा ठोकळा थोडा रिकामा राहतो. पण नऊ-दहा हजार फायलींची ती रिकामी जागा वीस-तीस एमबीच्या पुढे जात नाही. येथे २७ जीबी कमी पडत होते. सीडीच्या दर्जाची डब्ल्यूएव्ही ही ध्वनिफाइल सेकंदाला ४४,१०० नमुने, दोन बाजू आणि प्रत्येक नमुन्याला २ बाइट या हिशेबाने तासाला सुमारे ६३५ एमबी घेते. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस तासांची गाणी यादीबाहेर राहिली होती. आप्पांनी एका पाड्याचे नाव विचारले नसते, तर ही यादी त्याच आठवड्यात ग्रंथालयात गेली असती.

कारण शोधताना सुरुवात त्या ‘न सापडणाऱ्या’ फाइलीपासूनच केली. विंडोजमध्ये पूर्ण पत्त्याची जुनी मर्यादा २६० चिन्हांची आहे आणि त्यात ड्राइव्हचे अक्षर, मधल्या रेघा आणि शेवटची अदृश्य खूण हे सारे धरले जाते. विंडोज १० मध्ये ती मर्यादा उठवण्याची सोय आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते. या संगणकावर ती बंद होती. आता आप्पांची नावे ठेवण्याची पद्धत पाहा. एका फोल्डराचे नाव असे होते : ‘कानबाईची गाणी भाग २ रोट करताना बायकांनी म्हटलेली रविवार दुपार मागून बैलगाडीचा आवाज येतो’. नाव म्हणून हे उत्तम आहे. कोणत्याही ग्रंथपालाला याहून चांगली नोंद करता येणार नाही. परंतु संगणक आपल्यासारखी अक्षरे मोजत नाही. ‘कानबाईची’ यात आपल्याला का, न, बा, ई, ची अशी पाच अक्षरे दिसतात, तर त्याच्या लेखी काना आणि वेलांटी वेगवेगळ्या धरून ती आठ चिन्हे आहेत. या हिशेबाने वरील नाव ८७ चिन्हांचे होते. अशी तीन नावे एकात एक बसवली की २६१ झाली, आणि त्यात जिल्हा, तालुका, पाडा अजून धरलेलाच नाही.

मग विंडोजला न पेलणारे हे पत्ते मुळात विंडोजच्या डिस्कवर तयार कसे झाले, हा प्रश्न उरतो. आप्पांच्या पुतण्याने जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर नकल केली होती ती शाळेच्या संगणक कक्षातील उबुंटू या लिनक्स प्रणालीवर. तेथे पूर्ण पत्त्याची ही २६० ची अट नाही. तेथील नेहमीच्या फाइलप्रणालीत अट वेगळी आहे : एका नावाला २५५ बाइट, आणि यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे निव्वळ देवनागरी नाव ८५ चिन्हांच्या पुढे जाऊ शकत नाही. कानबाईच्या वरील नावात १३ मोकळ्या जागा आहेत, त्या एकेका बाइटच्या. म्हणून ते २३५ बाइटांत बसले. बैलगाडीऐवजी ट्रॅक्टर आणि शिवाय एखादे कुत्रे मागे असते, तर ते नाव त्या अटीत बसले नसते.

यादीतून गाणी गळण्याच्या वाटा दोन होत्या आणि त्या वेगळ्या ओळखणे महत्त्वाचे ठरले. पहिली वाट अशी : फोल्डराचा पत्ता २६० च्या आत, पण त्यातील फाइलीचे नाव जोडले की बाहेर. अशा वेळी फोल्डर उघडतो, फायलींची नावे मिळतात, मात्र पूर्ण पत्ता देऊन आकार विचारला की उत्तर येते, सापडत नाही. माझ्या पट्टीने अशा ७१ फायली गिळल्या होत्या. ही चूक सर्वस्वी माझी. दुसरी वाट अधिक घातक आहे, कारण तेथे कोणी काही बोलतच नाही. फोल्डराचा पत्ताच मर्यादेबाहेर गेला, तर वॉकला तो फोल्डर उघडता येत नाही, आणि उघडता न आलेल्या फोल्डराबद्दल वॉक मुळात काहीही सांगत नाही. तो सोडून ते पुढे जाते. हा दोष नव्हे, ते तसेच लिहिलेले आहे आणि पायथनच्या माहितीपुस्तिकेत नमूदही आहे. ऑनएरर नावाचा एक पर्याय वॉकला देता येतो. त्यात आपले एखादे फंक्शन दिले की उघडता न आलेल्या प्रत्येक फोल्डरासाठी ते बोलावले जाते. पुनरावर्तन शिकवताना मी हा पर्याय कधी फळ्यावर लिहिलेला नव्हता. आता लिहितो.

ऑनएररला एक साधे फंक्शन दिले, ज्याचे काम चुकीचा संदेश आणि पत्ता वेगळ्या फाइलीत टिपून ठेवणे एवढेच. पुन्हा चालवल्यावर १७ नावे आली. १५ लांब पत्त्यांची होती; एक सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन नावाचा विंडोजचा स्वतःचा फोल्डर, जो नेहमीच प्रवेश नाकारतो; आणि एक असा, ज्याच्यावर सायक्लिक रिडंडन्सी चेकची चूक येत होती, म्हणजे डिस्कचा तेवढा भाग वाचला जात नव्हता. १७ हा आकडा लहान वाटतो, पण ती बंद दारे होती. त्यांच्या आत आणखी किती फोल्डर आहेत, हे दार उघडल्याशिवाय मोजता येत नाही.

लांब पत्त्यांवर उपाय ठाऊक असलेलाच आहे. पत्त्याच्या आरंभी दोन उलट्या तिरक्या रेघा, प्रश्नचिन्ह आणि पुन्हा एक उलटी तिरकी रेघ अशी खूण जोडली की विंडोज जुनी मर्यादा लावत नाही आणि सुमारे ३२,७६७ चिन्हांपर्यंत पत्ता चालतो. अट अशी की पत्ता मुळापासून पूर्ण द्यावा लागतो आणि मधल्या रेघा उलट्याच असाव्या लागतात. विंडोजमधील सोय चालू करूनही काम भागले असते, परंतु त्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात आणि हीच स्क्रिप्ट पुढे ग्रंथालयाच्या संगणकावर चालवायची होती. तेथे जाऊन सेटिंग बदला असे सांगण्यापेक्षा स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवणे मला बरे वाटले. आता यादीत ९,८७१ ओळी आल्या. वाढलेल्या ६५७ पैकी ७१ माझ्या पट्टीत अडकलेल्या आणि ५८६ त्या १५ फोल्डरांतल्या. बेरीज वापरलेल्या जागेशी जवळजवळ जुळली. यादीबाहेर राहिलेले बहुतेक सारे सातपुड्यातले होते, कारण तेथल्या फोल्डरांत गावाखाली पाडा ही एक पायरी जास्त असे.

तरीही यादी देण्याजोगी नव्हती. तालुका आणि प्रसंग यांनुसार गट पाडू लागलो, तेव्हा ‘दऱ्याखोऱ्यांतील गाणी’ हा गट तीनदा येऊ लागला. डोळ्यांना तिन्ही नावे अगदी सारखी दिसत होती. हा मराठीचा त्रास आहे आणि थोडे थांबून सांगण्यासारखा आहे. ‘ऱ्या’ मधला अर्धा र लिहिण्याचे किमान तीन मार्ग युनिकोडमध्ये चालतात : ऱ हे एकच चिन्ह आणि त्याला हलन्त, साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक. कोणता मार्ग घडेल हे कळफलकावर अवलंबून असते. त्यातच पुण्याहून आलेल्या एका विद्यार्थिनीने काही ध्वनिमुद्रणे तिच्या जुन्या मॅकवरून दिली होती. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइलप्रणाली अशी जोडचिन्हे सुटी करून साठवते, म्हणून तेथे ऱ चा र आणि नुक्ता झाला. पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधील नॉर्मलाइझ हे फंक्शन पहिल्या दोघांना एक करते. तिसऱ्याला करत नाही, कारण युनिकोडच्या नियमांनुसार ती दोन रूपे समान नाहीत. त्यासाठी र, हलन्त, जोडक या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त घालणारी एक ओळ हाताने लिहिली. हे सारे फक्त तुलनेसाठीच्या वेगळ्या रकान्यात केले. पत्त्याच्या रकान्यात मूळ नाव जसेच्या तसे ठेवले, नाहीतर यादीतला पत्ता घेऊन फाइल उघडायला गेलेल्या माणसाला ती मिळाली नसती.

त्या मॅकचीच आणखी एक देणगी निघाली. टिंब आणि अधोरेघेने सुरू होणाऱ्या, बहुधा ४ केबीच्या १,१३० फायली यादीत होत्या, प्रत्येक खऱ्या फाइलीची जणू सावली. मॅक परक्या डिस्कवर नकल करताना जादा माहिती अशा फायलींत ठेवतो. त्या पुसाव्या असे पुतण्याचे म्हणणे होते. मी पुसल्या नाहीत; ‘सहायक’ अशी खूण करून यादीत ठेवल्या. यादी करणाऱ्याने संग्रहात हात घालू नये, असे माझे मत आहे.

बाकीच्या गोष्टी लवकर आटोपल्या. यादीची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा मजकूर) एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठी विस्कटू नये म्हणून यूटीएफ-८ च्या आरंभी ओळखखूण लिहिणारा संकेत, म्हणजे यूटीएफ-८-सिग, वापरला. ‘भाग १०’ हा ‘भाग २’ च्या आधी येत होता, तेव्हा नावातील आकडे वेगळे काढून त्यांची संख्या केली. देवनागरी अंक असूनही पायथनच्या इंट या फंक्शनने ते विनातक्रार स्वीकारले, याचे मला अजून कौतुक वाटते. तारखेच्या रकान्यावर मात्र फार भिस्त ठेवता आली नाही. काही फायलींवर १ जानेवारी १९८० अशी तारीख होती. त्या वर्षी ते रेकॉर्डर जन्मलेही नव्हते. मेमरी कार्डावरच्या फॅट प्रणालीची कालगणना १९८० पासून सुरू होते आणि घड्याळ न लावलेला रेकॉर्डर तीच तारीख लिहितो. म्हणून रकान्याचे नाव ‘ध्वनिमुद्रणाची तारीख’ न ठेवता ‘फाइलवरील तारीख’ असे ठेवले आणि शेजारी वहीतील तारखेसाठी कोरा रकाना सोडला.

अंतिम यादीचे दोन भाग होते. पहिल्यात ९,८७१ ओळी, आणि दुसऱ्यात, ‘उघडता न आलेले’ या मथळ्याखाली, दोन. त्यातली पहिली ओळ विंडोजच्या स्वतःच्या फोल्डराची, तिच्याशी आप्पांना कर्तव्य नव्हते. दुसरी साक्रीकडच्या एका गावाच्या फोल्डराची होती, डिस्क वाचत नव्हती ती. छापून नेलेला तो दुसरा भाग आप्पांनी पुढे ओढला, वहीत तो क्रमांक शोधला आणि यादीतल्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने लिहिले : कॅसेटी ३, जात्यावरच्या ओव्या, दोन्ही बाजू, कॅसेटी कपाटात आहेत.